पंधरा वर्षांचा पुरावा : कलावंत मानधनाचा अर्ज भरताना

वृद्ध लोककलावंताच्या घरी मानधनाचा अर्ज भरायला बसलो की आम्ही आधी आधार कार्ड मागत नाही, ट्रंक मागतो. पत्र्याची, कडी मोडलेली, खाटेखाली सरकवलेली ट्रंक बहुतेक घरांत असते. वर घुंगरांचे चाळ, एखादा जुना शेला, तुणतुण्याची तार, आणि तळाशी कापडात गुंडाळलेले कागद. घडीवर फाटलेले, कडांना वाळवी लागलेले, पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले. अर्ज मंजूर होणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या गाठोड्यावर ठरते. आधार, बँक, रेशनकार्ड यांतल्या चुका उशिरा का होईना, दुरुस्त करता येतात. चाळीस वर्षांपूर्वीची जत्रा पुन्हा भरवता येत नाही.

महाराष्ट्र सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देते ती योजना १९५४-५५ पासूनची. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि मानधन सरसकट महिना ५,००० रुपये झाले. त्याआधी तीन वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरच्या 'अ' वर्गाला ३,१५०, राज्य पातळीवरच्या 'ब' वर्गाला २,७०० आणि स्थानिक 'क' वर्गाला २,२५०. ही प्रतवारी गेली ते फार बरे झाले. चाळीस वर्षे गावोगाव पहाटेपर्यंत हलगी कडाडवणारा माणूस कागदोपत्री 'स्थानिक'च राहायचा, कारण दिल्लीचा मंच त्याच्या वाट्याला यायची वाटच नव्हती. अटी अशा: वय ५० च्या पुढे, दिव्यांगांसाठी ४०, कला किंवा साहित्यात किमान १५ वर्षे काम, राज्यात १५ वर्षे वास्तव्य, वर्षाचे उत्पन्न ६०,००० च्या आत, आणि दुसरे कोणतेही नियमित सरकारी निवृत्तिवेतन नको. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांची निवड होते. आता साधा हिशेब करून पाहा. ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००, आणि मानधनही तेवढेच. ज्याचा अर्ज मंजूर होतो, त्याची मिळकत किमान दुप्पट होते. म्हणून एका दाखल्यावरच्या एका वेलांटीसाठी आम्ही तालुक्याला तीन हेलपाटे घालतो.

सरकारने कलेवर पैसे कशाला घालवायचे, रस्ते करावेत, दवाखाने काढावेत, हा प्रश्न चावडीवर हटकून निघतो. तो विचारणाऱ्याला आम्ही गाठोड्यातलेच कागद दाखवतो. अनेक शाहिरांकडे आणि कलापथकांतल्या कलावंतांकडे केंद्राच्या गीत व नाटक प्रभागाची पत्रे निघतात. हा प्रभाग १९५४ मध्ये सुरू झाला आणि त्याने खासगी पथकांची नोंदणी करून त्यांना गावोगाव पाठवले. कुटुंबनियोजन, अल्पबचत, कुष्ठरोग निवारण हे विषय खेड्यांत पोचले ते पोवाड्यातून, भारुडातून, वगातून. घरात रेडिओ नव्हता तेव्हा सरकारचा निरोप या माणसांच्या गळ्यातून गेला. काम करून घेतले, बिदागी दिली, पण ना भविष्यनिर्वाह निधी, ना निवृत्तिवेतन. त्याआधी, स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यात तमाशावर बंदीही आली होती. ज्या सरकारांनी या कलेवर बंदी घातली आणि नंतर तिच्याकडून प्रचाराची कामे करून घेतली, त्यांनी तिच्या म्हातारपणाचा भार उचलणे याला आम्ही मदत म्हणत नाही. ते थकलेले देणे आहे.

बाजारावर सोडले तर काय होते, हे तमाशाच्या फडातला, म्हणजे संचातला, प्रत्येकजण सांगेल. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला संपतो. पावसाळ्याचे चार-पाच महिने कमाई शून्य. त्या काळात कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि पुढच्या हंगामात ती फेडतो. फिटते न फिटते तोच पुन्हा पाऊस. यात शिल्लक पडायला जागाच नाही. पाऊस पडला नाही की यात्रा कमिटीची वर्गणी घटते आणि पहिली काट तमाशाच्या सुपारीला, म्हणजे खेळाच्या ठरलेल्या रकमेला, लागते. २०२० आणि २०२१ च्या चैत्रात तर जत्राच भरल्या नाहीत, आणि अनेकांची उचल दोन हंगाम डोक्यावर राहिली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता, तरी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा हलाखी होती. जिच्या एका लावणीसाठी गावेच्या गावे लोटायची तिची ही गत, तर तिच्यामागे उभे राहून झील, म्हणजे साथीचा सूर, धरणाऱ्याचे काय झाले असेल?

आता अर्ज. पहिली अडचण नावाची. फडात नाव गावावरून पडते: अमुक सातारकर, तमुक सांगलीकर. हस्तपत्रिकेवर, आकाशवाणीच्या करारपत्रावर, प्रमाणपत्रावर हेच नाव. आधारवर मात्र वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि मूळ आडनाव. छाननी करणाऱ्याला ही दोन माणसे वाटतात आणि पुरावा बाजूला पडतो. राजपत्रात नावबदल छापून आणायची गरज नसते, त्यात पैसा आणि महिने जातात. 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असे स्वयंघोषणापत्र साध्या कागदावर करावे, त्यात दोन्ही नावे जशी छापलेली आहेत तशीच, काना-मात्रेसह लिहावीत आणि जोडीला सरपंच किंवा फडमालकाचे पत्र द्यावे. राज्यात २०१५ पासून बहुतेक कामांसाठी स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकित प्रती चालतात. तरी कचेरीच्या दारातला टंकलेखक मुद्रांक घ्यायला लावतो आणि म्हातारा माणूस घाबरून घेतो. आधी खिडकीवर विचारा. प्रतिज्ञापत्रच हवे म्हणाले तर कोणत्या नमुन्यात हवे, तो नमुना मागून घ्या.

दुसरी अडचण वयाची. शाळेचा दाखला नसतो, कारण शाळाच नव्हती. आधारवर १ जानेवारी आणि अंदाजाने टाकलेले वर्ष असते. साठीतल्या बाईचे वय तिथे सत्तेचाळीस दिसले की अर्ज तिथेच अडतो. इथे घाई करू नये. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. सेवा केंद्रातल्या मुलाने चुकीचा कागद लावून ती एकमेव संधी वाया घालवली की पुढचा मार्ग फार लांबचा. म्हणून आधी हाती काय आहे ते पाहावे: थोरल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी मतदारयादी, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून वयाचा दाखला. ही वर्षे एकमेकांशी जुळतात का ते कागदावर मांडून बघावे. आईचे वय आणि थोरल्या मुलाचे वय यांत दहाच वर्षांचे अंतर निघत असेल तर कुठेतरी चूक आहे, आणि ती आपल्याला आधी सापडली पाहिजे.

उत्पन्नाच्या दाखल्यात गफलत होते ती मुलाच्या पगारामुळे. मुलगा पुण्याला कंपनीत, वर्षातून दोनदा घरी येतो, आईला काही देत नाही. पण रेशनकार्डात नाव एकत्र. तलाठी कुटुंबाचे उत्पन्न धरतो आणि आकडा मर्यादेपलीकडे जातो. दाखला हातात पडल्यावर भांडून उपयोग नसतो. अर्जाआधी रेशनकार्ड विभक्त झाले आहे का ते पाहावे आणि खरोखर वेगळे राहत असतील तर चौकशीच्या वेळीच तलाठ्याला चूल दाखवावी. खोटे लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नये. फेरतपासणीत ते निघते आणि म्हाताऱ्याला वसुलीची नोटीस येते. लोकसेवा हक्क अधिनियमात उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. पावतीवर तारीख असतेच. मुदत उलटली तर त्याच खात्यात पहिले अपील करता येते, त्याला वकील लागत नाही.

वास्तव्याची अट कागदावर साधी दिसते. पण वर्षातले सात महिने ट्रकवर, कनातीत, परगावच्या माळावर काढणाऱ्या माणसाने 'राहतो' म्हणायचे कुठे? जनगणनेला घरी नाही, मतदारयादी तपासायला आले तेव्हाही नाही. गोंधळी, चित्रकथी, कोल्हाटी, नंदीवाले अशा भटक्या जमातींच्या कित्येक घरांत तर रेशनकार्डच उशिरा आले. इथे जुन्या मतदारयाद्या कामी येतात. तहसीलच्या निवडणूक शाखेत विधानसभेच्या जुन्या याद्या असतात. एकाच गावच्या तीन वेगवेगळ्या निवडणुकांच्या याद्यांत नाव सापडले तर वास्तव्याचा मुद्दा मिटतो. शाळेत असलेल्या मुलांच्या जनरल रजिस्टरचा उतारा हाही पक्का पुरावा.

आणि मग मूळ प्रश्न: पंधरा वर्षे कला केली हे दाखवायचे कशाने?

सगळ्यांची गोष्ट सारखी नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नटाकडे कागद भरपूर. वडसा भागातल्या नाटक कंपन्या कार्यालय थाटून धंदा करतात, मोठाली रंगीत पोस्टरे छापतात, त्यांवर नटांचे फोटो असतात. दशावतारातल्या कलावंताचे नाव कंपनीच्या पत्रकात नसले तरी देवस्थानाच्या जत्रेच्या वहीत कंपनीची नोंद सापडते. गोंधळ्याकडे मात्र स्वतःच्या नावाचा कागद नसतो. पण लग्नपत्रिकेत 'जागरण-गोंधळ' म्हणून तारखेसह ओळ छापलेली असते. ती पत्रिका आणि 'आमच्या घरचा गोंधळ यांनीच घातला' असे यजमानाचे दोन ओळींचे पत्र, असा जोड आम्ही लावतो. पंधरा वर्षांच्या पंधरा पत्रिका एका पंचक्रोशीत सहज निघतात, कारण लग्नाची पहिली पत्रिका लोक देव्हाऱ्यात ठेवतात. सर्वांत कठीण वासुदेवाचे. पहाटे दारात येतो, दान पावले म्हणतो, पुढे जातो. तिकीट नाही, सुपारी नाही, फोटो नाही. त्याच्यासाठी ग्रामसभेचा ठराव घ्यावा लागतो, तोही एका गावाचा नव्हे, त्याच्या फेरीतल्या चार-पाच गावांचा.

तमाशाची हस्तपत्रिका हाती लागली की सगळे खूश होतात. पण तिच्यात एक खोट असते. तिच्यावर तिथी असते, वार असतो, वेळ असते, वर्ष नसते. 'चैत्र वद्य अष्टमी, मंगळवार रोजी रात्री ठीक ९ वाजता.' छापणाऱ्याला वर्षाची गरजच नव्हती. अशी पत्रिका तशीच जोडली तर ती कालची की तीस वर्षांपूर्वीची हे कळत नाही आणि ती मोजली जात नाही. तिचे वर्ष शोधता येते. जुनी पंचांगे किंवा कालदर्शिका घ्या आणि ती तिथी त्या वारी कोणत्या वर्षी आली होती ते पाहा. साधारण सात वर्षांत एकदा असा मेळ बसतो, म्हणजे तीस वर्षांच्या पट्ट्यात चार-पाच वर्षे हाती लागतात. मग बाकीच्या खुणा बघायच्या: तिकिटाचा दर, छापखान्याच्या फोनचे आकडे किती, 'प्रमुख उपस्थिती'त कोणते आमदार किंवा सभापती आणि ते त्या पदावर केव्हा होते. वगाचे नाव असेल तर तो वग फडाने कोणत्या हंगामात बसवला हे सोबतचे कलावंत सांगतात. चार खुणांतून एकच वर्ष उरते. हा ताळा वेगळ्या कागदावर लिहून पत्रिकेमागे टाचायचा. छाननी करणारा कारकूनही शेवटी माणूस आहे. हिशेब समोर मांडलेला दिसला की तो मान्य करतो.

हस्तपत्रिकेवर नाव फडाचे आणि दोन-तीन मुख्य कलावंतांचे. बाकी पन्नास-साठ माणसे 'सहकलावंत'. त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे फडमालकाची उचलीची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, पानावर नाव, गाव, हंगाम, घेतलेली रक्कम, खाली सही किंवा निळ्या शाईतला अंगठा. आणि दर वर्षाचे वेगळे पान. पंधरा पाने म्हणजे पंधरा वर्षे, याहून थेट पुरावा दुसरा नाही. पण मालक ती सहजी दाखवत नाही. तिच्यात देण्याघेण्याचे व्यवहार असतात, काही मिटलेले, काही न मिटलेले, आणि ती उघडली तर जुने वाद निघतील ही त्याची भीती रास्त आहे. आम्ही रकमेच्या रकान्यावर कोरा कागद ठेवून फक्त नाव, हंगाम आणि अंगठा येईल अशी झेरॉक्स काढतो, मालकाची सही घेतो, वही तिथेच परत देतो. अशा अटीवर बहुतेक मालक तयार होतात. अनेक मालक तर स्वतः म्हातारे झालेले, स्वतःच अर्जदार असतात.

वही गेली असेल, जळाली असेल, तर यात्रा कमिटीकडे वळावे. कोणत्या साली कोणत्या फडाला किती बयाणा दिला याच्या नोंदी गावाने देवळात जपलेल्या असतात. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने वगनाट्याच्या संहितेला दिलेले प्रमाणपत्र असेल तर त्यावर तारीख आणि क्रमांक दोन्ही असतात. आकाशवाणीचे करारपत्र आणि गीत व नाटक प्रभागाचे कार्यक्रमपत्र ही तर सरकारचीच कागदपत्रे, त्यांना कोणी नाही म्हणत नाही. वर्तमानपत्राचे कात्रण जोडताना वरचा तारखेचा पट्टा कापू नये. कितीतरी जणांनी आपला फोटो तेवढा नेटका कापून फ्रेमीत लावला आणि तारीख केरात गेली.

पुरावे वर्षवार लावा. एकाच वर्षाची वीस प्रमाणपत्रे जोडून काही साधत नाही, दर वर्षाचा एक कागद हवा. मधली दोन-तीन वर्षे रिकामी राहिली तर का राहिली ते लिहा: बाळंतपण, आजार, फड बुडाला, दुष्काळ. शिफारसपत्रांचेही तसेच. 'हे अत्यंत गुणी कलावंत असून त्यांना लाभ मिळावा' असल्या पत्राला वजन नसते. पत्रात लिहायचे ते असे: अमुक फडात, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, ढोलकी वाजवत, गण, गवळण आणि वग तिन्हींत साथ, अमुक गावांच्या यात्रांत दर वर्षी हजर. लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले तेवढेच.

बायकांचे अर्ज जास्त अडतात, आणि यात त्यांचा काडीचा दोष नाही. नाचणारीचे नाव वयाच्या पस्तिशीपर्यंत छापले गेले. पुढची वीस वर्षे ती मागे उभी राहून गायली, पोरींना अदा शिकवल्या, वगात म्हातारीची कामे केली. त्या वीस वर्षांचा कागद नाही. तिने शिकवलेल्या पोरी आज कार्यक्रम करत असतील तर त्यांची पत्रे घ्या. शिकवणे हेही कलेतलेच काम आहे, हे अर्जात ठणकावून लिहा. तीच गोष्ट सुरत्या आणि झीलकऱ्यांची. 'यात कला ती काय, नुसता सूर धरून उभा राहायचा' असे म्हणणारे भेटतात. सुरत्याने सूर सोडला तर गवळण एका कडव्यात कोसळते. त्याला कलावंत म्हणून मोजलेच पाहिजे, आणि समितीसमोर हे सांगायला सोबत कोणीतरी जाणते माणूस न्यावे.

अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो. पण कागदी संच जवळ ठेवल्याशिवाय भरायला बसू नका. आधार, वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, स्वयंघोषणापत्र, बँक पासबुकाचे पहिले पान, दिव्यांगत्व असेल तर त्याचे प्रमाणपत्र, पती-पत्नीचा एकत्र फोटो आणि कलेचे पुरावे, असा क्रम लावावा. मोबाइलने काढलेले फोटो तिरके आणि अंधारे येतात. कागद खिडकीजवळ सपाट ठेवून सरळ वरून काढले तर चालतात. फाटक्या पत्रिकेला सेलोटेप लावू नये, ती पिवळी पडते आणि शाई उचलते. पारदर्शक पिशवीत ठेवून फोटो घ्यावा. भरून झाले की अर्ज क्रमांकाची छापील पोच घ्यावी. मोबाइल नातवाचा, नंबर वर्षात बदलतो आणि संदेश कुठे जातो कोणाला कळत नाही.

पुढे वाट पाहणे. जिल्हा समितीची बैठक कधी होईल याला धरबंध नाही. समिती बदलते, निवडणुकीची आचारसंहिता लागते, वर्ष निघून जाते. पंच्याहत्तरीतल्या माणसाचे एक वर्ष म्हणजे काय, हे बैठक पुढे ढकलणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजे. आमच्या वह्यांत अशी नावे आहेत ज्यांचा मंजुरीचा निरोप दहाव्यानंतर आला. काही ठिकाणी कलावंताला समितीपुढे बोलावतात आणि कला दाखवायला सांगतात. त्यासाठी आपले वाद्य सोबत न्यावे, तिथे मिळेल या भरवशावर जाऊ नये. दोन मिनिटांचा गण पुरे. आवाज फुटत नसेल तर बोल म्हणून दाखवावेत, ढोलकीच्या तोड्याचे किंवा संबळाच्या ठेक्याचे. जाणकार माणूस समितीत असेल तर त्याला दोन आवर्तनांत कळते.

मंजुरी आली तरी पैसे खात्यात येईतो काम संपले म्हणू नका. 'आधार लिंक आहे' असे बँक सांगते, पण सरकारी पैसा जातो तो आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात. बाजारात सिमकार्ड घेताना कोणीतरी अंगठा घेऊन एक खाते उघडून दिलेले असते, म्हातारीला त्याचा पत्ताही नसतो, आणि मानधन तिथे जमा होत राहते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग'मध्ये कोणती बँक दिसते ते पाहावे, आणि ती आपली नसेल तर आपल्या बँकेत फॉर्म भरून बदलून घ्यावे. दुसरी अडचण बोटांची. ढोलकीवाल्याच्या बोटांची पेरे आयुष्यभर चामड्यावर आपटून इतकी घोटीव झालेली असतात की यंत्र ठसा घेत नाही. शाईच्या पुडीवर थाप मारणारे तेच बोट, आणि यंत्र सांगते 'जुळत नाही'. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळाची किंवा चेहऱ्याची ओळख चालते का ते विचारावे. अंगठ्याची दहा-दहा वेळा परीक्षा घेऊन माणसाला ओशाळवाणे करू नये. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. तो चुकला की मानधन थांबते, त्यामुळे त्याचा महिना भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावा.

पती-पत्नीच्या एकत्र फोटोचे कारण असे की कलावंत गेल्यावर मानधन जोडीदाराला चालू राहते. नियम चांगलाच आहे. पण तो तमाशातल्या कितीतरी बायकांना लागू होत नाही. लग्नाची नोंद नाही, कित्येकींचे लग्नच झालेले नाही, आयुष्यभर बहिणी-बहिणींनी एकत्र काढले. थोरली गायची, धाकटी पेटी धरायची, चूल एक. थोरलीला मानधन मिळाले आणि ती गेली तर धाकटीच्या हाती काही नाही. अशा घरात आम्ही दोघींचे अर्ज पहिल्याच दिवशी वेगवेगळे भरतो, कारण दोघीही कलावंत आहेत. नियमात बदल होऊन सोबत राहणारी, एकाच फडात आयुष्य काढलेली बहीण वारस म्हणून धरली गेली पाहिजे. हे आम्ही लेखी मागत आलो आहोत.

संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ज्यांना आधीच मिळतात, त्यांनी हा अर्ज करताना जपून पावले टाकावीत. दोन्ही एकदम चालत नाहीत. पण नवीन मंजूर होऊन पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत जुने सोडण्याची घाई केली तर मध्ये काही महिने हातात काहीच राहत नाही. तहसील कार्यालयात आधीच लेखी कळवून ठेवावे आणि बदलाची तारीख जुळवून घ्यावी.

सरकारने कलेला पैसे द्यावेत हे आमचे ठाम मत आहे, पण पन्नाशीनंतर, कागद शोधत फिरणाऱ्यालाच द्यावेत असे नाही. माणूस उभा राहून वाजवत असतो तेव्हाच त्याची नोंद व्हावी. फडाला सरकारी अनुदान मिळते तेव्हा त्यासोबत त्या हंगामातल्या प्रत्येक माणसाची यादी घेऊन ती जपून ठेवली, तर वीस वर्षांनी कोणाला उचलीच्या वहीवर कोरा कागद धरावा लागणार नाही. ते होईपर्यंत जे आपल्या हातात आहे ते करतो. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात. त्या दिवसांत आम्ही राहुटी-राहुटीतून फिरतो आणि मालकांना दोन गोष्टी सांगतो. हस्तपत्रिकेवर तिथीशेजारी सन छापा. आणि मागच्या कोऱ्या बाजूला, लहान टाइपात का होईना, फडातल्या सगळ्यांची नावे छापा: ढोलकीवाला, हलगीवाला, सुरत्ये, झीलकरी, मागे उभ्या राहणाऱ्या बायका, सगळी. छपाईचा खर्च फारसा वाढत नाही. गेल्या हंगामात काही मालकांनी ते केले. त्या पत्रिकांची एकेक प्रत आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर वर्ष लिहून, ज्याची त्याला नेऊन दिली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवायला सांगितली.